पिवळं फडकं, पांढरं फडकं

नानाकाका, तुम्ही गेलात त्या दिवशी काठीवर पिवळं फडकं होतं आणि पछुआ खरोखरच सुटली होती. म्हणजे जातानाही अंदाज बरोबर देऊन गेलात. हे सगळ्यात आधी सांगते, कारण दुसरं काही सांगायला लागले असते, किती माणसं जमली, कोण कोण रडलं, तर तुम्ही चष्मा कपाळावर ढकलून म्हणाला असतात, "ते राहू दे. वारा कुठला होता ते सांग." वारा पश्चिमेचा होता, कोरडा. समोरचे मिश्राजी, स्वतः दम्याचे, तोंडाला गमछा बांधून मणिकर्णिकेपर्यंत तुमच्यामागे चालत गेले. त्यांना अडवायची कुणाची हिंमत झाली नाही.

मी मात्र घरात होते, खिडक्या लावून. पिवळं असलं की सूनबाई बाहेर नाही, हा कायदा तुमचाच. त्यामुळे तुम्हाला नेलं तेव्हा मी गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा आले नाही. दहाव्याला सगळे पंचगंगा घाटावर गेले, तेव्हा मला फार यायचं होतं. साडी बदलून दारात उभी राहिले, तर हे म्हणाले, "काठीवर काहीच नाही. तू नको येऊस." खरंच काही नव्हतं, तुमचं शेवटचं पिवळं कुणीतरी उतरवून ठेवलं होतं. फडकं लावणारे तुम्ही, तुमचंच दहावं. मी इतकी चिडले की विचारू नका. तुमच्यावरच चिडले. माणसानं जायचंच तर फाल्गुनात जावं का? श्रावणात गेला असतात तर मी सरळ पाण्यापर्यंत आले असते.

राग उतरल्यावर सगळं आठवत बसले. बसायला वेळ होताच, बाहेर जाणं बंद.

लग्न करून कराडहून मी काशीत, दूधविनायकाच्या या घरात आले, तुमच्या पुतण्याची बायको म्हणून. पहिला फाल्गुन लागला आणि माझा श्वास अडकला. आधी शिंका, मग डोळ्यांना खाज, मग छातीत शिट्टी वाजायला लागली. सासूबाई म्हणाल्या, पाणी बाधलं. वैद्य म्हणाले, कफ. आत्याबाई, म्हणजे तुमची धाकटी बहीण, त्या तर आडपडदा ठेवतच नाहीत. "हिला काशी मानवत नाही," म्हणाल्या. कराडला गेले की मी ठणठणीत आणि इथे आले की पुन्हा तेच, त्यामुळे त्यांचं म्हणणं सगळ्यांना पटायला लागलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा तसंच झाल्यावर घरात बैठक बसली. हिला काही दिवस माहेरी ठेवू, असं ठरत आलं होतं. काही दिवस म्हणजे किती, ते कुणीच बोलत नव्हतं. मला कळत होतं, यांनाही कळत होतं, आणि हे जमिनीकडे बघत बसले होते. माझी बॅग भरून तयार होती.

तेवढ्यात तुम्ही वरून खाली आलात, हातात चहाचा कप. कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवणारे, वरच्या मजल्यावर राहणारे चुलत सासरे, एवढीच माझी तुमची ओळख. आल्या आल्या मला विचारलंत, "शिंका सकाळी जास्त की संध्याकाळी?" एवढ्या माणसांत सासऱ्यांनी असलं विचारलं, म्हणून मी पदर ओढून गप्प. "अगं, तोंड उघड. नवस काय बोललीस ते विचारत नाहीये, वेळ विचारतोय." मी म्हटलं, सकाळी, उन्हं तापायला लागली की. "आणि पाऊस पडला की?" पाऊस पडला की बरं वाटतं, म्हटलं. तुम्ही कप तिथेच ठेवलात आणि मला छतावर घेऊन गेलात. मी तेव्हा गच्ची म्हणायचे. तुम्हा सगळ्यांचं ऐकून ऐकून आता मीही छतच म्हणते.

वरून मैदागिनच्या बाजूला बोट दाखवलंत. "ते बिनपानांचं झाड दिसतंय? चिलबिल. आपल्याकडे वावळ म्हणतात. त्याला फुलं आली आहेत."

"कुठायत फुलं?"

"तेच तर! दिसत नाहीत, म्हणून त्याचं कुणी नाव घेत नाही. पळस दिसतो, आंब्याचा मोहोर दिसतो, सगळे त्यांच्या नावानं बोटं मोडतात. पळसाचा पराग चिकट असतो, पाखरांबरोबर जातो, तुझ्या नाकात कशाला येईल? हे चिलबिल आपला सगळा पराग वाऱ्यावर सोडतं. आणि पछुआ तो उचलून आपल्या गल्लीत आणून टाकते."

मग खाली येऊन तुम्ही भर बैठकीत सांगितलंत, "हिला काशी बाधत नाही, सासर बाधत नाही. हिला चिलबिल बाधतं. त्याचा मोसम असतो थोडा. तेवढ्यात जपलं की बाकी वर्षभर या पोरीला काही होणार नाही. डॉक्टरकडे मी नेतो. माहेरी-बिहेरी कुणी पाठवायचं नाही." आणि जिन्यावरून वळून म्हणालात, "बॅग उपसा ती."

नानाकाका, त्या दिवसाबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आपल्या घरात कुणी कुणाचे मानतच नाही. डॉक्टरांनी पंप दिला, तुम्ही कारण दिलंत. कारण कळलं आणि माझ्या कपाळावरचा शिक्का पुसला गेला. त्या बॅगेत नंतर काकूंनी गोधड्या भरल्या. अजूनही माळ्यावर आहे ती.

पण जपायचं म्हणजे कोणत्या दिवशी? सगळा फाल्गुन-चैत्र कोंडून बसायला मी काय लोणच्याची बरणी आहे? हे मी तुमच्यासमोर बोलून गेले आणि तुम्ही हसायच्या ऐवजी विचारात पडलात. पुढच्या वर्षी छतावर बांबू उभा राहिला. त्याच्या टोकाला वाऱ्याबरोबर फिरणारी पत्र्याची पट्टी आणि तिला अडकवलेली, वॅसलीन फासलेली काच. रोज सकाळी ती काच काढून खाली आणायची, तिच्यावर गुलाबी रंगाचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली चिलबिलाचे कण मोजायचे. तो सूक्ष्मदर्शक कॉलेजनं मोडीत काढलेला, तुम्ही घरी आणलेला. त्याला जागा मिळाली काकूंच्या ओट्यावर, मसाल्याच्या डब्याशेजारी. ओट्याला गुलाबी डाग, तुमच्या बोटांना गुलाबी डाग. काकू म्हणायच्या, "माझ्या करंड्यात कुंकू नाही एवढा रंग ह्यांच्या नखात आहे."

आणि माकडं! पहिली काच माकडानं चाटली आणि तोंड वाकडं करून तुमच्याकडे फेकली. दुसरी घेऊन ते धरहऱ्याच्या मशिदीकडे पळालं. तुम्ही छतावरून हातवारे करत ओरडत होतात, "अबे, उसमें कुछ नहीं है खाने का!" खाली अख्खी गल्ली हसत होती. शेवटी जाळीचा पिंजरा केलात, तेव्हा कुठे काच टिकली.

मोजून मोजून तुम्हाला कळायला लागलं की काच एक सांगते, वारा दुसरं सांगतो आणि झाड तिसरंच. तिन्ही मिळून दिवस ठरतो. मला शिकवताना म्हणायचात, "मोजलं ते होऊन गेलेलं असतं. तुला त्याचा उपयोग नाही. तुला आज बाहेर पडायचं आहे, त्याचं सांगता आलं पाहिजे." रोज उठून मला सांगायचात, आज जा, आज नको. मग मिश्राजी गल्लीतून विचारायला लागले. मग त्यांना विचारणारे आणखी चार जण. छतावरून ओरडून तुमचा घसा बसला, तेव्हा तुम्ही फडक्याची युक्ती काढलीत. पराग जास्त, तर बांबूवर पिवळं. हवा स्वच्छ, तर पांढरं.

पांढरं म्हणजे तुमचं धोतर फाडलं. पिवळं मात्र काकूंच्या ट्रंकेतून काढलंत, न विचारता. त्यांच्या लग्नातली अष्टपुत्री! घरात रामायण झालं. लग्नात नेसायची पिवळी साडी, मामानं दिलेली, ती कापून तुम्ही बांबूवर चढवली होतीत. दोन दिवस काकूंनी तुम्हाला नुसता वरण-भात वाढला, वर तूप नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाल्या, "आठ पुत्र काय, एकही झाला नाही. साडी तरी कुणाच्या उपयोगी पडू दे." आणि कापलेल्या कडेला टीप घालून दिली. त्यानंतर त्या साडीवरून तुमचं भांडण झालेलं मी ऐकलं नाही.

मग पाडव्याचा तो घोळ. तुम्ही हयातभर तो विसरला नाहीत, म्हणून मीही विसरत नाही. काकूंनी गुढी उभारली. बांबू आयताच छतावर होता, त्यालाच जरीचं पिवळंधमक वस्त्र, कडुलिंबाचा डहाळा, साखरेची गाठ, वर तांब्या. तुम्ही आंघोळीला गेलेले. गल्लीत मराठी घरं ती किती, बाकीच्यांना गुढी काय ठाऊक? त्यांनी वर बघितलं ते हे एवढं लांब पिवळं, शिवाय त्याच्यावर लोटा! मिश्राजींनी बोंब ठोकली, "आज त बहुतै खराब हौ! मास्टर साहब लोटा भी टाँग दिये!" धडाधड खिडक्या लागल्या. चैत्रातल्या नवरात्राचा पहिला दिवस असून अर्धी गल्ली देवीला गेली नाही. तुम्ही ओलेत्यानंच छतावर येऊन ओरडलात, "अरे, हमारा त्योहार है! हवा एकदम साफ है!" कुणी ऐकेना. लोटा बघून लोकांचा विश्वास बसला होता. पुढच्या वर्षीपासून गुढी रस्त्याकडच्या खिडकीत गेली आणि बांबू फक्त तुमचा राहिला.

घरातली लहान मुलं मोठी झाली, त्यांनी मोबाइलवर ग्रुप काढू म्हटलं. तुम्ही म्हणालात, मिश्राजींना मोबाइलमधलं दिसत नाही, छतावरचं दिसतं. आदल्या दिवशी कुणी विचारलं, उद्याचं काय, तर तुमचं उत्तर ठरलेलं, "सबेरे बताएँगे." वारा बघितल्याशिवाय तुम्ही कधी शब्द दिला नाहीत.

आणि तरी एकदा चुकलात. ते बोलायला हवं, कारण आपलं भांडण तिथूनच सुरू झालं आणि अजून मिटलेलं नाही.

त्या दिवशी पांढरं होतं. मंगला गौरीच्या देवळापाशी चैत्रातलं हळदीकुंकू होतं. मी कैरीची डाळ खाल्ली, पन्हं प्यायले, ओटी घेऊन निघाले आणि गल्लीतच वारा फिरला. पुरवा, म्हणजे पूर्वेचा ओला वारा, पडली आणि पछुआ सुटली. घराच्या पायऱ्या दिसत होत्या, पण चढता येईना. पंपानं भागलं नाही. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, रात्रभर ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी बाहेर आले तर तुम्ही बाकावर बसलेले. नर्स म्हणाली, हे बाबा कालपासून इथून हललेले नाहीत, चहासुद्धा घेतला नाही. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "पुरवा अशी एकदम पडते तेव्हाच मला कळायला हवं होतं." बस्स. तुमच्या तोंडून माफी यायची ती अशीच यायची. मला ती पुरली.

घरी आल्यावर बांबू रिकामा. एक दिवस, दोन दिवस, काहीच नाही. मिश्राजी खालून हाका मारत, "का गुरु, पियर हौ कि उज्जर?" म्हणजे पिवळं की पांढरं, आणि तुम्ही दार लावून आत. मला अजून धड चालवत नव्हतं, पण कठड्याला धरून धरून छतावर आले. तुम्ही काच धुऊन कपाटात ठेवत होतात. माझा आवाज चढला, तुमच्यासमोर पहिल्यांदाच. "तुमच्या अंदाजाच्या भरवशावर मी या घरात राहिले. तो बंद केलात तर मी जायचं कुठं?"

"आणि पुन्हा चुकलो तर?"

"चुकालच! देव आहात का तुम्ही? चुकलात की पुन्हा त्या बाकावर येऊन बसा."

तुम्ही काच परत बाहेर काढलीत. मग काचेला वॅसलीन लावायला घेतलंत. मला म्हणालात, "नुसती उभी काय राहतेस? तो चिमटा दे." त्या दिवसापासून मी तुमच्याबरोबर मोजायला बसायला लागले.

पण मी एक म्हणायचे आणि तुम्ही ऐकायचा नाहीत. शंका असली की पिवळं लावा! तुमचं काय जातं? तुम्हाला जन्मात चिलबिलाची एक शिंक आली नाही, श्वास आमचा अडकतो. तुम्ही म्हणायचात, "भीती वाटली म्हणून पिवळं लावायचं नाही. मोजून लावायचं. रोज पिवळं लावलं तर ते निशाण राहत नाही, वाळत घातलेली साडी होते." मी म्हणायचे, एक दिवस उगाच घरात बसलं तर कुणी मरत नाही. तुम्ही म्हणायचात, उगाच घरात बसवायला तुझी सासू आणि माझी बहीण समर्थ होत्या, त्यासाठी मी कशाला पाहिजे? मग मी भांडी आपटायची.

तुम्ही छताच्या जिन्यात बसलात आणि उठलाच नाहीत, तेव्हा वर काच लागलेली होती. ती सुतक संपेपर्यंत तशीच राहिली. मी उतरवली तेव्हा तिच्यावर इतक्या दिवसांची धूळ आणि पराग, मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं. ठेवून द्यावी वाटली. मग वाटलं, तुम्ही काच कधी फुकट घालवली नाहीत. धुतली, पुसली, वॅसलीन फासलं आणि परत लावली.

काच लावली खरी, पण फडक्याला हात लावला आणि माझा धीर सुटला. समजा पांढरं लावलं आणि मिश्राजींना काही झालं तर? लावलं पिवळं. दुसऱ्या दिवशी पिवळं. रोज पिवळं. म्हटलं, बघा, मी म्हणत होते तसं चाललंय आणि कुणाला काही होत नाहीये. होळी झाली, रंगपंचमी झाली, माझं पिवळं काही उतरेना. एका दुपारी खिडकीतून बघते तर मिश्राजी उघड्या तोंडानं बाजाराला चाललेले. वारा कोरडा, पश्चिमेचा. मी ओरडले, "चाचाजी, ऊपर देखिए, पीला है!" ते थांबले, वरही बघितलं नाही. "बहूजी, ऊ त रोजै पियर हौ. केतना दिन घरे बइठीं?" आणि खोकत खोकत पुढे गेले.

वाळत घातलेली साडी, नानाकाका. तुमचा शब्द माझ्या कानात वाजला. संध्याकाळी मिश्राजी धापा टाकत परत आले, पंपावर निभावलं. पण मी ओळखलं की तुमचा बांबू माझ्या हातात मुका झालाय.

त्यात पाडवा आला. आदल्या दिवशी आत्याबाई आल्या आणि छतावरचं पिवळं बघून काकूंना म्हणाल्या, "वहिनी, यंदा वर्षभर सण नाही. उद्या पाडव्याला बांबूवर पिवळं दिसलं तर चार मराठी घरं म्हणतील, ह्यांनी दुखवट्यात गुढी उभारली. उतरवा ते. उद्या पांढरं लावा नाहीतर काहीच नको." मी मनात म्हटलं, अहो, पण उद्या नवरात्र बसतंय, सगळी गल्ली देवीला निघणार. लोकलाजेसाठी पांढरं लावलं आणि मिश्राजी घाटापर्यंत गेले आणि कोसळले, तर?

मग मला समोर दिसलं ते साधंच होतं. माझं पिवळं माझ्या भीतीचं होतं आणि आत्याबाईंचं पांढरं त्यांच्या भीतीचं. मोजलं कुणीच नव्हतं. काच रोज बदलत होते, पण डोळा लावून बघत नव्हते. मोजून कमी निघालं असतं तर पांढरं लावायची हिंमत करावी लागली असती.

पाडव्याला उठले, आंघोळ केली, काच काढून ओट्यावर आणली. गुलाबी थेंब टाकला. बोटाला डाग पडला, तुमच्यासारखाच. मोजायला लागले. इकडे एक, बराच वेळ काही नाही, तिकडे एक. माझाच विश्वास बसेना, पुन्हा पहिल्यापासून मोजले. तेवढेच. यांना आदल्या संध्याकाळीच मैदागिनला पाठवलं होतं, चिलबिलाची फांदी आणायला. फुलं संपली होती, हिरव्या पातळ चकत्या धरल्या होत्या, पोरं सोलून आतलं बी खातात त्या. छतावर गेले. वारा नदीकडून येत होता, ओलसर. पुरवा पडते का बघायला मी तिथेच उभी राहिले, तुम्ही बाकावर बसून म्हणाला होतात ते आठवून. पडली नाही. ढग होते, वारा सावकाश आणि एकसारखा.

काच, वारा, झाड. तिघंही एकच सांगत होते. मी पांढरं फडकं काढलं. काकू जिना चढून वर आल्या. गुडघे धरून, मधे मधे थांबत. माझ्या हातात तुमचं धोतर बघून म्हणाल्या, "पांढरं लावतेस? वन्संना भिऊन लावतेस की मोजून?"

"मोजून."

"आणि पिवळं निघालं असतं तर?"

"तर पिवळं लावलं असतं, काकू. कुणी काही म्हणो."

"लावलंच असतंस. माझी साडी आहे, वन्संना मी बघून घेतलं असतं." त्यांनी बांबूवरची अष्टपुत्री सोडवली, नीट घडी घातली आणि छातीशी धरली. तेव्हा पहिल्यांदा रडल्या. तुम्ही गेल्यापासून त्या रडल्या नव्हत्या. मी पांढरं बांधलं आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले.

खाली मिश्राजींचं दार उघडलं. ते वर बघत नव्हते. मग सवयीनं बघितलं आणि थबकले. चाचींना हाक मारली, "अरे, देखा! उज्जर हौ!" दोघं नटूनथटून देवीला निघाली. मी खिडकीत बसले ती हललेच नाही. वारा वळतोय का, खोकला ऐकू येतोय का. हे चहा घेऊन आले, तो तसाच निवला. तेव्हा मला कळलं, तुम्ही त्या बाकावर चहा का घेतला नव्हता. आणि हेही कळलं की बाकावर तुम्ही एकदा दिसलात, पण पांढरं लावलेल्या प्रत्येक दिवशी तुम्ही असेच बसत असणार, वर, छतावर, आम्ही सगळे सुखरूप परतेपर्यंत. इतकी वर्षं. आणि आम्हाला म्हणायचात, छतावर ऊन खायला बसलोय.

दुपारी ती दोघं परत आली. मिश्राजींनी प्रसादाचा दोना उंच करून दाखवला. "बहूजी, सही रहा!" म्हणाले.

मग मी साडी बदलली. हे म्हणाले, "कुठे?" मी म्हटलं, "पंचगंगेवर. वर पांढरं आहे." ते चपला घालून बरोबर आले. पायऱ्या सावकाश उतरले, पण एकदाही थांबावं लागलं नाही. पाण्याशी बसून दिवा सोडला, दहाव्याला माझा सोडायचा राहिला होता तो. आणि जे घरात कधी बोलले नाही ते मोठ्यानं बोलले, नावाडी बघत होते तरी. म्हटलं, नानाकाका, तुम्ही माझी बॅग उपसलीत, मला या गावात ठेवलंत. भांडण तुम्ही जिंकलात. माझं पिवळं हरलं. हरून मला इतकं बरं आजवर वाटलं नव्हतं.

परतताना गल्लीत मिश्राजी पाट टाकून बसले होते. विचारलं, "आ बिहान का रही, बहूजी?" उद्याचं काय?

मी वर बघितलं. बांबूवर तुमचं धोतर हलत होतं.

"सबेरे बताएँगे," म्हटलं, आणि उद्यासाठी काच लावायला वर गेले.